एका गालावरचा साबण

फोन आला तेव्हा ऑफिसात सकाळचा चहा फिरत होता. चाळीखालच्या वाण्याच्या दुकानातून शेजारचे सावंतकाका बोलत होते. ‘विलास, घरी ये. बाबांना जरा बरं नाही.’ चाळीत वाढलेल्या माणसाला ह्या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. खरोखरच बरं नसेल तर लोक ‘हॉस्पिटलात ये’ म्हणतात. ‘घरी ये’ म्हणाले की समजायचं. मुलुंडहून रिक्षा केली आणि घाटकोपरला भटवाडीत उतरलो. गॅलरीत चपलांची गर्दी होती. बाबा चटईवर निजवलेले होते आणि त्यांच्या डाव्या गालावर साबणाचा फेस सुकून पांढरा झाला होता. उजवा गाल गुळगुळीत. दाढी करता करता कसंसंच व्हायला लागलं म्हणून वस्तरा खाली ठेवून ते पाच मिनिटं आडवे झाले, ते उठलेच नाहीत. कुणीतरी ओल्या फडक्याने साबण पुसायला पुढे आलं, तर आई म्हणाली, ‘पुसू नका. विलास आलाय.’ मग माझ्याकडे बघून, ‘अर्धी राहिली रे त्यांची. अशी नको पाठवूस.’ मी त्यांच्याच कपात पाणी घेतलं, त्यांच्याच ब्रशाने फेस केला आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाची दाढी केली. ओठांशी आलो तशी आई म्हणाली, ‘मिशीला हात लावू नको. एकदा काढली तेवढी पुरे.’ मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं...

माझे वडील यशवंत, गावाकडे ‘येसो’. सावंतवाडीकडचं आमचं गाव, पण विशीच्या आत ते मुंबईला आले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. साच्यांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे घरातही मोठ्याने बोलायचे आणि आपण हळू बोलतोय अशी त्यांची समजूत असायची. संपानंतर गिरणी पुन्हा उघडली नाही. मग एका प्लायवूडच्या दुकानात माल उतरवून घ्यायचं काम धरलं. दोन गोष्टींत मात्र त्यांनी कधी फरक पडू दिला नाही. एक, वर्षातून एकदा तरी गावाला जाऊन आपल्या आईला आणि देवाला तोंड दाखवायचं, आणि दुसरी, रोजची दाढी. गॅलरीतल्या खिळ्याला आरसा, कठड्यावर टवका उडालेला इनॅमलचा कप, तुरटीचा खडा, आणि समोर लुंगी-गंजीफ्रॉकमध्ये बाबा. मिशी मात्र राखलेली, भरघोस, दोन्ही टोकांना किंचित वर वळवलेली. तिला ते कात्रीने इतक्या निगुतीने कातरायचे की आई म्हणायची, ‘एवढं लक्ष पोरांकडे दिलं असतं तर कलेक्टर झाली असती.’ 

पोरं कलेक्टर झाली नाहीत. मी विमा कंपनीत कारकून झालो आणि पंचविसाव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला. हे असं एका वाक्यात लिहिताना अजून विचित्र वाटतं. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग मांडीवर काळेनिळे डाग. मी ते कॅरमबोर्ड लागून उठले म्हणून सोडून दिले होते. तापाने पडलो तेव्हा रक्त तपासलं आणि त्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात भरती झालो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा आजार हळू चालणारा नाही, औषध आजच सुरू करावं लागेल. बाबांनी मला त्यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दाढी न करता आले. मी म्हटलं, धावपळ झाली असेल. तिसऱ्या दिवशीही तसेच, आणि चौथ्याही.

पहिलं औषध लाल रंगाचं होतं, सरबतासारखं. सलाईनमधून ते शिरेत गेलं की लघवीसुद्धा लाल व्हायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी संडासातच बसकण मारली, म्हटलं आता रक्त सगळीकडूनच जातंय. बाबा बाहेरून ओरडले, ‘अरे औषदाचो रंग तो! सिस्टरन सांगल्यान तुका, आयकूक नाय?’ अख्ख्या वॉर्डाला कळलं. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिलो. ह्या आजारात मरणाची भीती असते हे सगळे सांगतात. लाजेचं कुणी सांगत नाही. चार माणसांसमोर भांड्यात ओकायची लाज, आईने अंग पुसायची लाज, भेटायला आलेल्या मित्रांनी पायाशी उभं राहून उगाच क्रिकेटच्या गप्पा मारायची लाज. मग उशीवर केस यायला लागले. डोक्याचे गेले, भुवया विरळ झाल्या आणि एका सकाळी तोंड धुताना माझी नवी नवी मिशी हातात आली.

आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. मिशी काढली म्हणजे आई नाहीतर बाप गेला. पहिल्या औषधाची फेरी संपवून थोडे दिवस घरी आलो तेव्हा गॅलरीतल्या बायका माझ्या बोडक्या ओठाकडे बघायच्या आणि मग बाबांकडे. बाबांनाच मजा वाटायची. ‘बापूस जित्तो आसताना मिशी गेली तुझी,’ ते म्हणाले, ‘लोकांका वाटतला मीच मेलंय!’ आणि स्वतःच्याच विनोदाला मोठ्याने हसले. तोवर त्यांची दाढी छातीकडे निघाली होती. कानांवर केस आलेले. आयुष्यभर गालाला तुरटी फिरवणारा माणूस, आणि आता हा अवतार! मी चिडायचो. माझे ऑफिसातले लोक रक्त द्यायला हॉस्पिटलात यायचे, त्यांच्यासमोर हे असे उभे. मला वाटायचं, बाबांनी हातपाय गाळले. मी आत औषधांशी झगडतोय आणि बाहेर ह्यांनी आधीच सुतक धरलंय. ‘बाबा, मी बोडका आणि तुम्ही जटाधारी. लोक हसतात हो. दाढी करा ना!’ ते म्हणायचे, ‘बघूया.’ दर वेळी तेवढंच. गिरणीच्या माणसाला वाद घालता येत नाही असं थोडंच आहे? मुकादमाशी भांडून चार वेळा घरी बसलेला माणूस तो. पण माझ्यापुढे ‘बघूया’च्या पलीकडे गेले नाहीत.

दुसऱ्या फेरीनंतर रक्तात आजाराच्या पेशी दिसेनाशा झाल्या. डॉक्टर त्याला रिमिशन म्हणत. आम्ही पेढे आणायला निघालो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा. आजार गेला नाही, दडून बसलाय. पुन्हा डोकं वर काढायच्या आत दुसऱ्याची अस्थिमज्जा घालायला हवी. तेव्हा हे काम आपल्याकडे नवंनवं होतं. धाकटी बहीण शैला हिचं रक्त माझ्याशी तंतोतंत जुळलं. ती बिचारी लगेच कमरेचं हाड पुढे करून बसली. पण बाईंनी बाबांना आणि मला समोर बसवून नीट समजावलं, की बहिणीची मज्जा घालण्याआधी ह्याची स्वतःची मज्जा औषधाने पूर्ण मारावी लागेल. आधी चार दिवस गोळ्या, मग दोन दिवस शिरेतून औषध. ‘एकदा गोळ्या सुरू झाल्या की मागे फिरता येणार नाही. ह्याची स्वतःची परत उगवणार नाही आणि बहिणीची रुजेपर्यंत अंगात काहीच नसेल. साध्या सर्दीनेही माणूस जाऊ शकतो.’ बाबांनी कान पुढे करून सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे तरवो भाजूचो तसा.’ बाईंना कळेना. कोकणात भात पेरण्याआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेणी, फांद्या पसरून जमीन भाजून काढतात, म्हणजे तणाचं बी मरतं. त्याला तरवा भाजणं म्हणतात. मी हे त्यांना मराठीतून मराठीत समजावलं. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, अगदी तसंच.

मग त्यांनी बाबांच्या दाढीकडे पाहिलं. त्या खोलीत गाळलेली हवा सोडत, कपडे-भांडी वाफेवर शिजवल्यासारखी निघत, आणि घरचं एकच माणूस आत घेत. आईला दम्याचा खोकला, शैलाला तर शिंकही यायला नको होती. उरले बाबा. ‘पण दाढी काढावी लागेल,’ बाई म्हणाल्या, ‘मास्क नीट बसत नाही, केसांत जंतू राहतात. मिशी बारीक केलीत तरी चालेल.’ बाबांनी दाढीवरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला हे मला दिसलं. मी त्याचा अर्थ असा लावला, की म्हातारा हट्टी आहे आणि त्याला आता कुणीतरी वरचढ भेटलंय. मला गंमत वाटली, हे लिहायला मला फार जड जातंय.

गोळ्या सुरू व्हायच्या सकाळी मी त्या खोलीत एकटा होतो. दार उघडलं आणि हिरवा झगा, टोपी, मास्क घातलेला एक माणूस आत आला. त्याने क्षणभर मास्क खाली ओढला. बाबा! दाढी नाही, आणि मिशीही नाही. जन्मात मी त्यांचा वरचा ओठ पाहिला नव्हता. फिकट, उघडा, लहान मुलासारखा. मला हसू आवरेना. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर हसलो. ‘बघा, आता कसे साहेब दिसता! मी कधीचा सांगत होतो.’ तेही हसले. म्हणाले, ‘दिसतंय मा? जिंकलंस तू.’ आणि मास्क वर चढवला. त्या सकाळी बाबा चाळीतून निघायच्या आधीच बायका आईकडे आल्या होत्या, ‘कधी गेल्या हो सासूबाई? कळवलं नाहीत?’ कारण बाबांचे वडील माझ्या जन्माआधीच गेलेले, मग मिशी निघाली म्हणजे गावाला आजीच गेली असणार. बाबांनी गॅलरीतूनच सगळ्यांना ऐकवलं, ‘आवस ठणठणीत आसा. उकडता म्हणून काढलंय!’

गोळ्या बारीक होत्या, पण एका वेळी मूठभर घ्यायच्या आणि सहा सहा तासांनी पुन्हा मूठभर. दुसऱ्या दिवसापासून पोट त्यांना ठेवून घेईना. गोळ्या घेऊन थोड्याच वेळात उलटी झाली, तर किती बाहेर पडल्या हे पाहून तितक्या पुन्हा द्यायच्या होत्या. कमी पडल्या तर तण उरणार, जास्त झाल्या तर जमीनच करपणार. केरळची एक सिस्टर होती, फार जीव लावणारी, पण तिला दुसऱ्या पेशंटकडेही बघायचं असे. पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा ती हातमोजे आणायला वळली, तर बाबांनी आधीच मोजे चढवून भांडं पुढ्यात घेतलं होतं. त्यात बोटं घालून ते एकेक गोळी वेगळी करत होते. हा माणूस घरी दुसऱ्याच्या उष्ट्या ताटाला हात लावला तर साबणाने हात धुणारा. मी म्हटलं, ‘बाबा, नको... सिस्टर करतील.’ ते मान वर न करता म्हणाले, ‘गप ऱ्हव. तुझो गू-मूत काढलंय मिया, ह्या काय मोठा?’ मग सिस्टरला मोडक्यातोडक्या हिंदीत, ‘सिस्टर, इतना गिरा. फिरसे देव.’ चारही दिवस हे चाललं. तोंडात फोड आले, गिळताना काचा उतरल्यासारखं होई आणि मी भिंतीकडे तोंड करून रडायचो, तेव्हा पाठीमागून त्यांचा मोठा आवाज यायचा, ‘भिया नको. मी हंयसर आसंय.’ माझ्या वयाचे लोक त्या दिवसांत म्हाताऱ्या बापाला आधार द्यायला लागले होते, आणि मी ओकत होतो व माझा बाप त्यात बोटं घालून बसला होता. त्या लाजेला औषध नव्हतं.

शैलाची मज्जा आली ती एका साध्या पिशवीतून, रक्तासारखीच, जराशी दाट. मी मोठं काहीतरी होईल म्हणून वाट बघत होतो, तर ती नेहमीच्या नळीतून गुपचूप आत गेली. पुढचे कितीतरी दिवस अंगात काहीच नव्हतं. ताप चढायचा, उतरायचा. मग एक दिवस बाई कागद हलवत काचेपलीकडे उभ्या राहिल्या. पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या होत्या. बाबांनी विचारलं, ‘रुजला?’ बाई म्हणाल्या, ‘रुजला.’ बाबा भिंतीला टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मी घरी आलो. जिने एकेक थांबत चढलो. हळूहळू केस आले, आधीपेक्षा कुरळे, मिशी आली. ऑफिसात परत रुजू झालो. बाबांचीही मिशी पुन्हा आली, पण पांढरी आणि विरळ, आधीची शान तिला नव्हती. कात्री मात्र पूर्वीसारखीच चालायची. त्यानंतरच्या चार वर्षांत एक गोष्ट बदलली होती आणि ती मला खटकली नाही, हे आता खटकतं. बाबा गावाला गेले नाहीत. एकदाही नाही. जत्रा आली की म्हणायचे दुकानात माल येणार आहे, गणपतीत म्हणायचे कंबर धरलीय, एसटी सोसणार नाही. आजी नव्वदीला टेकलेली, काकांकडून निरोप पाठवायची, ‘येसो कधी येतलो?’ बाबा तिला लुगडी पाठवत, औषधं पाठवत. स्वतः जात नसत. मी म्हणायचो, जाऊन या की, आईचा काय भरवसा? ते म्हणायचे, ‘बघूया.’

दहाव्याला न्हावी आला. त्याने डोकं झालं की विचारलं, ‘मिशी पण ना?’ मी हो म्हटलं. ह्या वेळी रीतीप्रमाणे होतं. परत आलो तर दुपारी आई आतल्या खोलीत एकटीच बसली होती. माझ्या ओठाकडे बघून तिला रडू फुटलं. मी विचारलं, ‘आई, त्या दिवशी तू असं का म्हणालीस, एकदा काढली तेवढी पुरे म्हणून?’ तेव्हा तिने सांगितलं. माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी बाबांनी गावच्या रवळनाथाला नवस केला होता, की पोरगा बरा होऊन पायाने चालत घरी येईपर्यंत वस्तरा लावणार नाही, आणि आला की देवळासमोर बसून दाढी उतरवीन. नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून मला सांगितला नाही. मी त्यांच्या मागे लागायचो तेव्हा ते मुकाट ऐकून घ्यायचे.

‘खोलीत जायच्या आदल्या रात्री जेवले नाहीत,’ आई सांगत होती. ‘नवस मोडला तर तुझ्यावर येणार आणि आत नाही गेले तर तुझ्याजवळ कोण? पहाटे गॅलरीत गेले, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. मी मागे उभी होते. म्हणाले, बा देवा म्हाराजा, नवस मोडतंय तो मी. पोराक ह्यातला काय म्हायत नाय. काय वसूल करूचा आसात ता माझ्याकडसून कर. मग दाढी काढली आणि मिशीलाही वस्तरा लावला. मी हात धरला. म्हटलं, अहो, आई जिवंत आहे तुमची, मिशी कशाला? डॉक्टरांनी सांगितली नाहीये. तर म्हणाले, पोरगो बोडको आसा. मी पण बोडको झालंय की खूण ऱ्हवात. देवाक दाखवूक होया, ह्यो तो येसो, हेका धर. पोराक नको.’

‘मग गावाला का जात नव्हते?’

‘लाज वाटायची त्यांना. देवाला काय तोंड दाखवू, म्हणायचे. आणि आईसमोर जाऊन काय सांगू, तू असताना मिशी काढली म्हणून?’

मी विमा कंपनीत काम करतो. माणसं किती वयाची झाली की किती मरतात ह्याचे तक्ते माझ्या टेबलावर असतात. साठी उलटलेला, विडी ओढणारा गिरणी कामगार हृदयाच्या झटक्याने गेला, ह्यात कुठल्या देवाचा हात शोधायची गरज नाही. मी नवस-बिवस मानत नाही. मला वाचवलं ते त्या गोळ्यांनी, त्या बाईंनी, शैलाच्या मज्जेने. हे सगळं मी स्वतःला रोज समजावतो आणि तरीही मला लाज वाटते. ते चार वर्षं आपलं देणं चुकतं करायची वाट बघत जगले आणि मी त्यांना साहेब दिसता म्हणालो. हसलो, आणि तेही माझ्याबरोबर हसले. ‘जिंकलंस तू’ म्हणाले.

गॅलरीतला आरसा अजून त्याच खिळ्याला आहे. कप आईने घासला नाही. आत त्या दिवशीच्या साबणाचा थर तसाच आहे. दहाव्यापासून मी वस्तरा लावलेला नाही. ऑफिसात लोक विचारतात, काय रे, हे काय सोंग? मी म्हणतो, ‘बघूया.’ पुढच्या महिन्यात रजा मिळाली की गावाला जाणार आहे. देवळासमोर बसून ही दाढी उतरवीन, त्यांच्या वतीने. गाऱ्हाणं कसं घालायचं मला येत नाही, तिथला गुरव घालेल, मी मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणेन. देवाला तोंड दाखवणं मला त्यामानाने सोपं वाटतं. देवळातून उतरलं की डाव्या हाताला काकांचं घर. ओटीवर आजी बसलेली असेल. बाबा गेल्याचं तिला सांगितलंय, पण काका म्हणतात ती विसरते. मला बघून ती विचारेल, ‘येसो इलो?’

तिला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.